कोळसा खाणीचे ढिगारे आणि नदी-नाल्यांचे रक्षण : कन्हान खोऱ्याच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

मध्य प्रदेशातील सौसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके भाषेने मराठी, बाजारहाटाने नागपूरचे आणि कारभाराने भोपाळचे. ५ ऑक्टोबर २०२३ पासून या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी हा सर्व प्रदेश छिंदवाडा जिल्ह्यात होता. सौसरहून सावनेरकडे जाताना लागणारे लोधीखेडा हे गाव याच मराठी पट्ट्यातले. या गावाच्या आसपास कोळशाची खाण नाही. येथील माणसे संत्री, कापूस आणि ज्वारीची, त्यामुळे कोळशाच्या ढिगाऱ्यांशी आपला काय संबंध, असे येथील विद्यार्थ्यास वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु संबंध आहे, आणि तो पाण्याचा आहे. कन्हान नदी सातपुड्यात उगम पावते. वरच्या भागात ती ज्या कोळसा पट्ट्यातून वाहते त्याला तिचेच नाव आहे. जुन्नारदेवकडील डोंगराळ भाग सोडून ती रामाकोण्याजवळून खाली येते. पांढुर्ण्याकडून येणारी जाम नदी तिला मिळते. पुढे ती नागपूर जिल्ह्यात शिरते, कामठीजवळ पेंच आणि कोलार या नद्या तिला येऊन मिळतात आणि शेवटी ती वैनगंगेस मिळते. पेंचही परासियाच्या कोळसा पट्ट्याचे पाणी घेऊनच येते. म्हणजे वरच्या खाणीच्या ढिगाऱ्यावर पडलेला पावसाचा थेंब आज ना उद्या आपल्या शेतापाशी, आपल्या विहिरीच्या झऱ्यापाशी आणि नागपूर-कामठीच्या नळापाशी येणार आहे. येताना तो काय घेऊन येतो, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सामुदायिक महाविद्यालयांतील शिक्षकांना हा विषय वर्गात मांडता यावा, त्यामागचे साधे शास्त्र समजावे आणि विद्यार्थ्यांकडून काही निरीक्षणे करून घेता यावीत, एवढा या लेखाचा मर्यादित हेतू आहे.

१. ढिगारा कशाचा असतो?

कोळसा जमिनीत पोत्यात भरून ठेवलेला नसतो. त्याचे थर वाळूखडक आणि शेल यांच्या थरांमध्ये दबलेले असतात. आपल्या भागातील कोळसा गोंडवाना काळातला असून त्यावर अनेक ठिकाणी दख्खनच्या काळ्या पाषाणाचेही आवरण आहे. पेंच-कन्हान पट्ट्यात जुन्या खाणी बहुतांशी भूमिगत होत्या. तेथे कोळशाबरोबर निघणारा दगड आणि निकृष्ट कोळसा खाणीच्या तोंडाशी टाकला जाई. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये कोल इंडिया आणि तिच्या अंतर्गत नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी अस्तित्वात आली. पुढील काळात खुल्या खाणींचे प्रमाण वाढत गेले.

खुल्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची सर्व माती आणि खडक काढून बाजूला टाकावा लागतो. खाणीवरचे कामगार यालाच थोडक्यात 'ओबी' म्हणतात. एक टन कोळशासाठी कित्येकदा त्याच्या अनेक पट माती-दगड हलवावा लागतो. शिवाय जमिनीत घट्ट बसलेला खडक फोडून बाहेर काढला की तो सुमारे २० ते ३० टक्क्यांनी फुगतो. त्यामुळे सर्व माल परत खड्ड्यात भरला तरी काही शिल्लक राहतोच.

या ढिगाऱ्याचे तीन गुणधर्म ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला, त्यात सेंद्रिय अंश आणि सूक्ष्मजीव जवळजवळ नसतात, म्हणून गवत आपोआप लवकर धरत नाही. दुसरा, त्यातील शेल हा दगड दिसायला कठीण असला तरी ऊन-पावसाच्या चार फेऱ्यांत भुगा होतो. म्हणजे यंदा जो दगड आहे तो पुढच्या पावसाळ्यात चिखल असू शकतो. तिसरा, मोकळ्या भरावाला मूळ जमिनीसारखी घट्ट वीण नसते. शेतातल्या मातीला मुळांनी शिवलेले असते, या मातीला कोणी शिवलेले नसते.

२. गाळाने नदीचे काय बिघडते?

"माती तर नदीत पूर्वीपासूनच येते, पूर आला की पाणी गढूळ होतेच," असा प्रश्न विद्यार्थी निश्चित विचारतील. उत्तर असे की नदीला गाळ नवा नाही, पण त्याचे प्रमाण आणि जात नवी आहे. पुराच्या चार दिवसांचे गढूळपण नदी सोसते. चारही महिने, प्रत्येक सरीला येणारा बारीक गाळ तिला सोसत नाही.

गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत जात नाही, त्यामुळे शेवाळ आणि पाणवनस्पती खुरटतात. त्यांच्यावर जगणारे किडे कमी होतात आणि किड्यांवर जगणारे मासे त्यांच्या मागून जातात. अनेक मासे गोट्यांच्या फटींत अंडी घालतात. बारीक गाळाने या फटी बुजल्या की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. उन्हाळ्यात जनावरांना आणि माशांना आधार देणारे डोह उथळ होतात. नाल्याचे पात्र भरून आले की तेवढाच पाऊस पूर्वीपेक्षा लवकर काठाबाहेर येतो आणि शेतात शिरतो. बंधारे आणि तलाव भरतात. नळयोजनेला पाणी स्वच्छ करण्यासाठी अधिक तुरटी लागते.

याखेरीज सुरुंगाच्या दारूतील नायट्रेट, यंत्रांचे तेल आणि कोळशाची भुकटी गाळाबरोबर वाहत येते. गोंडवाना कोळशात गंधकाचे प्रमाण सामान्यतः कमी असल्याने आम्लयुक्त पाण्याचा त्रास आपल्याकडे ईशान्य भारताइतका नाही. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत अधिक गंधकाच्या कोळशामुळे नद्यांचे पाणी आम्लधर्मी झाले, आणि तेथील उंदीर-बिळासारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली बंदी घातली. आपल्याकडे मुख्य प्रश्न गाळाचा आहे. तो आम्लासारखा एका दिवसात डोळ्यांत भरत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्षही सहज होते.

३. इतिहासाचे धडे

ढिगारा आणि पाणी यांचा मेळ चुकला की काय होते याची उदाहरणे जगभर आहेत. वेल्समधील ॲबरफान या गावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी डोंगरावर रचलेला खाणीचा ढिगारा पावसाने भिजून घसरला आणि खालच्या शाळेवर आला. १४४ जण मृत्युमुखी पडले, त्यांत ११६ मुले होती. तो ढिगारा झऱ्यांवर रचलेला होता. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २६ फेब्रुवारी १९७२ रोजी बफेलो क्रीक येथे कोळशाच्या टाकाऊ मालाचा बांध फुटून १२५ माणसे गेली. त्यानंतर १९७७ मध्ये तेथे खुल्या खाणींसाठी स्वतंत्र कायदा आला. आपल्या देशात झारखंडमधील राजमहल खुल्या खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी ढिगारा खचून २३ कामगार दगावले.

आपल्या खोऱ्यातील ताजे उदाहरण कोळशाच्या नव्हे, कोळशाच्या राखेचे आहे. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीच्या दिवसांत कोराडी औष्णिक विद्युत केंद्राच्या खसाळा येथील राख-तलावाचा बंधारा फुटला आणि राख नाल्यांवाटे कोलार व कन्हान नद्यांत उतरली. राख असो की माती, धडा एकच. बारीक पदार्थ साठवण्याची जागा पावसाळ्याच्या सरासरी दिवसासाठी बांधून चालत नाही, ती सर्वांत वाईट दिवसासाठी बांधावी लागते.

४. रक्षणाची रीत : वरून खाली

ढिगाऱ्यापासून नाल्याचे रक्षण करण्याच्या उपायांचा एक क्रम आहे. हा क्रम समजला की सारा विषय समजतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर आधी वरचे पाणी वळवा, मग माती जागीच धरा, सुटलेली माती धुऱ्याशी अडवा, आणि उरलेली तळ्यात बसवा.

(अ) जागेची निवड. सर्वांत स्वस्त उपाय ढिगारा रचण्यापूर्वीचा आहे. नाल्याच्या पात्रात, झऱ्यावर किंवा पूररेषेच्या आत ढिगारा टाकू नये. नाला आणि ढिगारा यांच्यामध्ये झाडाझुडपांचा रुंद पट्टा सोडावा. एकदा लाखो घनमीटर माती पडली की ती हलवणे कोणालाच परवडत नाही. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या काठच्या ढिगाऱ्यांवरून वर्षानुवर्षे जी ओरड होत आली, ती मुळात जागेचीच आहे.

(आ) स्वच्छ पाणी वेगळे काढणे. ढिगाऱ्याच्या वरच्या उतारावरून येणारे पाणी स्वच्छच असते. ते ढिगाऱ्याला लागण्यापूर्वी वळवून थेट नाल्यात नेणारा चर खाणीभोवती खोदतात. हाराप्रमाणे वेढा घालणारा म्हणून त्यास इंग्रजीवरून 'गारलँड ड्रेन' म्हणतात, आपण त्यास वेढाचर म्हणू. जितके पाणी बाहेरच्या बाहेर जाईल तितके मळके पाणी कमी आणि पुढचे तळे लहान.

(इ) उतार आणि टप्पे. उतारावरून वाहणाऱ्या पाण्याचा वेग वाढला की त्याची खरडण्याची शक्ती त्याहून किती तरी वेगाने वाढते. म्हणून लांबलचक सरळ उतार हा ढिगाऱ्याचा शत्रू होय. कोळसा खाण नियमावली, २०१७ नुसार ढिगाऱ्याचा उतार कोणत्याही स्थितीत ३७.५ अंशांहून अधिक असता कामा नये, आणि ३० मीटरहून उंच ढिगारा टप्प्याटप्प्यांनी रचावा लागतो. ही मर्यादा मुख्यतः घसरण टाळण्यासाठी आहे. पर्यावरण मंजुरीच्या अटींत बहुधा संपूर्ण ढिगाऱ्याचा एकंदर उतार २८ अंशांच्या आत ठेवण्यास सांगतात, कारण त्याहून तीव्र उतारावर माती आणि गवत टिकत नाही. प्रत्येक टप्पा किंचित आतल्या बाजूस झुकलेला हवा, म्हणजे पाणी कडेवरून न कोसळता आतल्या चरात जाते आणि तेथून दगडी पायऱ्यांच्या वाटेने खाली उतरते.

(ई) हिरवे आवरण. माती धरण्याचे काम शेवटी मुळेच करतात. त्यासाठी खाण सुरू करताना वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर वापरावी. वर्षानुवर्षे ढीग करून ठेवलेली माती निर्जीव होते. प्रथम गवत, मग शेंगवर्गीय वनस्पती, नंतर स्थानिक झाडे हा क्रम योग्य. फोटोपुरती रोपे लावून भागत नाही. झाडाखालची जमीन उघडी राहिली तर पाऊस ती खरडतोच.

या बाबतीत आपल्या अगदी शेजारचे उदाहरण उल्लेखनीय आहे. लोधीखेड्याच्या पुढे सावनेर तालुक्यात खापा गावाजवळ गुमगाव येथे मॉइल कंपनीची मँगनीजची खाण आहे. तेथील उघड्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने साखर कारखान्यातील मळी-चोथा, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी यांचा उपयोग करून वनराई उभी केली. तोच मार्ग पुढे कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यांवरही वापरण्यात आला. निर्जीव ढिगाऱ्यातही जीव आणता येतो, हे या प्रयोगाने दाखवले.

(उ) पायथ्याची भिंत. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी दगडांची किंवा तारेच्या जाळीत भरलेल्या दगडांची भिंत आणि तिला लागून चर असावा. ती पाणी अडवण्यासाठी नसून माती अडवून पाणी झिरपू देण्यासाठी असते. चरात ठिकठिकाणी दगडी बांध घातले की पाण्याचा वेग मोडतो आणि जाड वाळू तेथेच बसते.

(ऊ) गाळ बसवण्याचे तळे. एवढे करूनही जे मळके पाणी येते ते नाल्यात सोडण्यापूर्वी तळ्यात थांबवावे लागते. या तळ्याचे गणित पुढे स्वतंत्रपणे पाहू.

५. तळ्याचे गणित

पाण्यातला कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या आकारावर अवलंबून असते. स्टोक्सच्या नियमानुसार कणाचा व्यास दहापट कमी झाला की बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो. एक मीटर खोल स्थिर पाण्यात साधारण हिशेब असा येतो :

०.१ मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण — सुमारे २ मिनिटे
०.०१ मिलिमीटरचा पोयट्याचा कण — सुमारे ३ तास
०.००१ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण — सुमारे १३ दिवस

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ढिगारा १० हेक्टरचा आहे. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ६० टक्के वाहून आला. १० हेक्टर म्हणजे १,००,००० चौरस मीटर. त्यास ०.०५ मीटर आणि ०.६ ने गुणले की ३,००० घनमीटर पाणी येते. ते तासाभरात आले तर प्रवाह सेकंदास सुमारे ०.८३ घनमीटर होतो.

या प्रवाहातून विशिष्ट आकाराचा कण बसवण्यासाठी तळ्याचे क्षेत्रफळ किती हवे, हे प्रवाहास त्या कणाच्या बसण्याच्या वेगाने भागून मिळते. ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे कण अडवायचे तर सुमारे २,३०० चौरस मीटर, म्हणजे पाव हेक्टरहून थोडे कमी. ०.०१ मिलिमीटरपर्यंतचे अडवायचे तर सुमारे ९,३०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक हेक्टर. आणि ०.००१ मिलिमीटरची चिकणमाती अडवायची तर सुमारे ९३ हेक्टर! ढिगारा १० हेक्टरचा आणि तळे ९३ हेक्टरचे, हे कोणास शक्य आहे?

या गणितातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, तळे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. चिकणमाती एकदा पाण्यात मिसळली की तिला केवळ थांबवून परत मिळवता येत नाही. तिला ढिगाऱ्यावरच धरून ठेवणे भाग आहे. दुसरा, जेथे चिकणमाती अधिक आहे तेथे तुरटीसारखा पदार्थ योग्य प्रमाणात घालून बारीक कणांच्या गाठी कराव्या लागतात, म्हणजे ते लवकर बसतात. घरात गढूळ पाण्यातून तुरटी फिरवणारी आजी हेच शास्त्र वापरत होती.

तळे लांबट असावे. पाणी एका टोकाने येऊन दुसऱ्या टोकाने जावे. मध्ये आडव्या भिंती असल्या तर पाणी सरळ पळून जात नाही. बाहेर पडणारे पाणी वरच्या थरातून काढावे. एकाऐवजी दोन तळी असली तर एकातील गाळ काढताना दुसरे चालू राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मृगाच्या आधी तळे रिकामे केलेले असावे. गेल्या वर्षीच्या गाळाने अर्धे भरलेले तळे कागदावर पूर्ण असते, पण पावसात अर्धेच असते. काढलेला गाळही पुन्हा काठावरच टाकला तर पहिल्याच सरीत तो तळ्यात परततो.

६. कायदा काय सांगतो?

जल प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ चा आणि पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. या दुसऱ्या कायद्याखाली सप्टेंबर २००० मध्ये कोळसा खाणींसाठी सांडपाण्याची स्वतंत्र मानके घोषित झाली. त्यांनुसार नाल्यात सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा, तरंगते घन पदार्थ लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत, तेल व वंगण १० मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्रेट-नत्र १० मिलिग्रॅमच्या आत असावे.

१०० मिलिग्रॅम म्हणजे नेमके किती? वरच्या उदाहरणातील ३,००० घनमीटर पाण्यात लिटरमागे ५ ग्रॅम माती आहे असे धरले तर एका तासाच्या पावसात १५ टन माती निघते. मानक पाळायचे तर त्यातील फक्त ३०० किलो नाल्यात जाऊ शकते. म्हणजे शंभरातील ९८ भाग अडवले पाहिजेत. एवढे काम एकट्या तळ्याने होणारे नाही, हे येथे पुन्हा सिद्ध होते.

२००६ च्या अधिसूचनेखाली खाणीस पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. तिच्या अटींत वेढाचर, पायथ्याची भिंत आणि गाळतळे यांचा उल्लेख असतो. चर आणि तळे परिसरातील कमाल पावसाहून ५० टक्के अधिक पाणी सामावतील असे असावेत, ते नियमित उपसावेत, आणि हिरवळ स्वतःच्या बळावर टिकेपर्यंत ढिगाऱ्याची देखरेख चालू ठेवावी, अशा अटी सर्रास आढळतात. मंजुरीची प्रत स्थानिक पंचायतीस पाठवणे आणि दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल देणे हेही कंपनीवर बंधनकारक असते. याशिवाय २००९ पासून कोळसा खाणींना खाणबंदीचा आराखडा करून त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे राखून ठेवावे लागतात.

अटी चांगल्या आहेत. अडचण त्या मोजण्याच्या दिवसात आहे. पाण्याचा नमुना जानेवारीच्या कोरड्या दिवशी घेतला तर नाला आरशासारखा असतो आणि अहवाल निर्दोष येतो. ढिगाऱ्याची खरी परीक्षा पहिल्या जोरदार पावसाच्या पहिल्या तासात असते. वर्षभराचा बराचसा गाळ मोजक्या मोठ्या सरींतच जातो. म्हणून अहवाल वाचताना आकड्याआधी तारीख आणि त्या दिवशीचा पाऊस पाहावा, ही सवय विद्यार्थ्यांना लावण्याजोगी आहे.

७. बंद खाणींचा प्रश्न

चालू खाणीत निदान यंत्रे आणि माणसे असतात. पेंच-कन्हान भागातील अनेक जुन्या खाणी बंद झाल्या आहेत, आणि ढिगारा मात्र खाणीबरोबर बंद होत नाही. चर बुजतात, तळी भरतात, भिंतीचे दगड कोणी उचलून नेतो, गुरे चरून हिरवळ उघडी पडते. अशा ठिकाणी मोठ्या यंत्रणेपेक्षा गावाजवळच्या साध्या कामांचा उपयोग अधिक होतो. उतारावर समपातळीत चर, नाल्यात लहान दगडी बांध आणि चराईबंदीची चार-पाच वर्षे ही पाणलोट विकासाची कामे आपल्या गावांना परकी नाहीत.

ढिगाऱ्यातील वाळूचा उपयोग हाही एक मार्ग आहे. नागपूर जिल्ह्यात भानेगाव आणि गोंडेगाव येथे वेस्टर्न कोलफिल्ड्सने ढिगाऱ्यातून वाळू वेगळी करण्याचे प्रकल्प उभे केले. अशी वाळू घरबांधणीस वापरली तर ढिगाराही कमी होतो आणि कन्हानच्या पात्रावरचा वाळू-उपशाचा ताणही कमी होतो. मात्र वाळू धुतलेले पाणी पुन्हा गाळाचेच असते. त्यासाठी तळे नसेल तर एका दाराने घालवलेला प्रश्न दुसऱ्या दाराने आत येतो.

८. वर्गात काय करता येईल?

विज्ञानाची प्रयोगशाळा नसली तरी पुढील गोष्टी कोणत्याही महाविद्यालयात होऊ शकतात.

१. बरणीचा प्रयोग : तीन बरण्यांत वाळू, शेतातली काळी माती आणि शेल खडकाचा कुटलेला भुगा समान मापाने घालून पाणी ढवळावे. २ मिनिटे, ३ तास आणि दुसऱ्या दिवशी अशी नोंद करावी. चौथ्या बरणीत तुरटी फिरवावी. स्टोक्सचा नियम फळ्यावर लिहिण्यापूर्वी डोळ्यांनी दिसतो.

२. दोन ट्रेचा प्रयोग : एका तिरप्या ट्रेमध्ये उघडी माती, दुसऱ्यात गवताचा थर ठेवून झारीने सारखेच पाणी घालावे. खाली जमलेले पाणी काचेच्या ग्लासात शेजारी शेजारी ठेवावे. हिरव्या आवरणावर याहून चांगले व्याख्यान नाही.

३. गढूळपणाची नोंद : पारदर्शक नळीच्या तळाशी काळी-पांढरी चकती चिकटवून किती उंचीच्या पाण्यापर्यंत ती दिसते हे मोजावे. जाम आणि कन्हान यांच्या संगमाच्या वर दोन्ही नद्यांची आणि संगमाच्या खाली एकत्र प्रवाहाची नोंद पुलावरून किंवा सुरक्षित घाटावरून बादलीने पाणी काढून घेता येते. सोबत तारीख, वेळ आणि आदल्या दिवशीचा पाऊस लिहावा. जाम नदीच्या पाणलोटात कोळसा खाणी नाहीत, त्यामुळे तुलनेस ती उपयोगी पडते. मात्र शेतातील मातीही नदीत येते, शहरांचे सांडपाणीही येते. नुसत्या गढूळपणावरून कोणा एकावर बोट ठेवता येत नाही, हेही विद्यार्थ्यांना तेथेच शिकवावे.

४. कागदपत्रांचे वाचन : एखाद्या खाणीची पर्यावरण मंजुरी आणि अनुपालन अहवाल मिळवून वर्गात वाचावा. सरकारी मराठी-हिंदीचे हे उत्तम पाठ्यसाहित्य आहे, आणि माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे.

एक सूचना काटेकोरपणे पाळावी. विद्यार्थ्यांना ढिगाऱ्यावर, खाणीच्या हद्दीत किंवा गाळतळ्याच्या काठावर नेऊ नये. तळ्यातील गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत दलदल असते. पुराच्या वेळी नदीत उतरू देऊ नये.

भाषेविषयीही थोडे सांगणे आवश्यक वाटते. आपल्या वर्गात मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमांतून आलेले विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. इंग्रजी संज्ञा पाठ करून घेण्यापेक्षा घरातले शब्द वापरावेत. मराठीतला गाळ म्हणजे हिंदी-उर्दूतली गाद, गढूळ पाणी म्हणजे गदला पानी, उतार म्हणजे ढलान आणि निचरा म्हणजे निकास. शब्द ओळखीचा असला की विषय परका राहत नाही. कामगारांच्या तोंडचा 'ओबी' हा शब्दही अवश्य शिकवावा, कारण अहवालात आणि मजुराच्या बोलण्यात तोच भेटेल.

समारोप

वरील विवेचनाचे सार असे. खाणीचा ढिगारा ही नवी, न शिवलेली जमीन आहे. तिच्यावरून येणारा बारीक गाळ एकदा पाण्यात मिसळला की परत मिळवणे फार कठीण आहे. म्हणून वरचे पाणी वळवणे, उतार कमी व टप्प्यांचा ठेवणे, मुळांनी माती धरणे, पायथ्याशी अडवणे आणि शेवटी तळ्यात बसवणे हा क्रम पाळला पाहिजे. क्रम उलटा केला, म्हणजे सर्व भार तळ्यावर टाकला, तर गणितच जमत नाही. कायद्याची मानके उपलब्ध आहेत, पण ती पावसाच्या दिवशी तपासली जातात की नाही यावर सर्व अवलंबून आहे.

कन्हान दोन राज्यांतून वाहते. वरच्या अंगाला मध्य प्रदेशाचे प्रदूषण नियंत्रण मंडळ, खालच्या अंगाला महाराष्ट्राचे. नदीला ही सीमा ठाऊक नाही. सौसर-पांढुर्ण्याची मराठी गावे नेमकी या दोहोंच्या मध्ये आहेत. लोधीखेडा, सौसर, सावनेर, परासिया आणि कामठी येथील महाविद्यालयांनी एकाच दिवशी, एकाच पद्धतीने, पावसाळ्यातील चार-पाच मोठ्या सरींनंतर पाण्याची नोंद ठेवण्यास आरंभ केला, तर तीन-चार वर्षांत या खोऱ्याची अशी नोंदवही तयार होईल जी एका कार्यालयाच्या कपाटात बसणार नाही. त्यासाठी लागते एक नळी, एक बादली आणि नियमितपणा. येत्या जूनच्या आधी शिक्षकांनी आपापल्या महाविद्यालयात याची आखणी करावी, अशी विनंती आहे.